एस्टोनिया, आणि दोरीवरचे दोन गणवेश

त्या दिवशी नळाला पाणी साडेपाचला आले. मी दोन पिंपे भरली, स्टोव्ह पेटवून चहा केला, भाकरी थापल्या आणि धुणे घेऊन बसले. रोज दोन निळे गणवेश धुवायची सवय. एक माझ्या मालकांचा, दुसरा धाकट्या दिराचा, कोंडीरामभावजींचा. दोघे एकाच कारखान्यात टर्नर आणि राहायला एकाच घरात. पण संपाचा तेविसावा दिवस होता. मालक गेटवर बसत होते, भावजी कंपनीच्या बसने आत जात होते. म्हणून दोरीवर गणवेश एकच होता.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकीलसाहेब म्हणाले. तेव्हा आता रीतसर लिहिते.

मी, श्रीमती कुशाबाई गेनबा शेवकरी, वय सत्तर, राहणार चिंचवड, काम पूर्वी घरचे व आता सिनेमे पाहण्याचे, हा कागद माझ्या अकलेने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही. तो हक्क असलेले एकच माणूस सात वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांनाही ते कधी जमले नाही.

१. राहते घर मुलगा सुरज याला. मालकांची खुर्ची हलवू नये असे मी म्हणणार नाही. तिचा डावा हात त्यांच्या हाताने गुळगुळीत झाला आहे. मी तिथे हात ठेवून बसते. ज्याला बरे वाटेल त्याने बसावे.

२. बँकेतली ठेव आणि दागिने मुलगी अनिता हिला. पाटल्या मोडून नव्या घडणीच्या केल्या तरी माझा आत्मा भटकणार नाही.

३. केसाळ टोपी नातू समर्थ याला. १९८६ साली कंपनीने मालकांना तीन महिने मशीन शिकायला परदेशी पाठवले. टोपी घालून आले ती ऐन मे महिन्यात. तेव्हापासून सारी वसाहत त्यांना 'रशियावाले' म्हणे. ते म्हणत, "तो रशिया न्हाई, तिथली लोकं चिडत्यात." आम्ही हसायचो. ते गेल्यावर फोटो आवरताना एकाच्या मागे टॅलिन असे लिहिलेले सापडले. सुरजने फोनवर पाहिले आणि म्हणाला, "आई, हे एस्टोनियात आहे." बत्तीस वर्षे आम्ही माणसाला चुकीच्या देशाच्या नावाने हाक मारली.

४. टीव्ही शेजारच्या यशोदाबाई यांना. सुरजने मला त्या देशाचे दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईवरचे सिनेमे लावून दिले. खाली इंग्रजी अक्षरे येतात. मी चौथी शिकलेली, बाकीचे वर्तमानपत्राने शिकवले, इंग्रजी अक्षरे नातवाने. ओळ आली की थांबवायचे, डिक्शनरीत पाहायचे, वहीत लिहायचे, मग पुढे. दोन तासांचा सिनेमा मला नऊ दिवस पुरतो. यशोदाबाई दर वेळी सोबत बसल्या. बर्फातून रणगाडे येत असताना त्या विचारत, "ह्यात गाणं कधी हाय?" त्या देशात लोकांनी जमून गाणी म्हणतच स्वातंत्र्य मिळवले हे कळल्यावर त्यांनी मला आठवडाभर ऐकवले. आधी त्या या कागदाला साक्षीदार होणार होत्या; वारसदाराची सही साक्षीदार म्हणून चालत नाही असे समजल्यावर त्यांनी लगेच टीव्ही निवडला.

५. वह्या तीन, ज्याला हव्यात त्याला. अकरा सिनेमांतून मी जे शिकले ते त्यांत आहे. तो देश आपल्या पिंपरी-चिंचवडपेक्षाही कमी माणसांचा. चाळीस साली रशियाची फौज आली, एकेचाळीसला जर्मनीची, चव्वेचाळीसला पुन्हा रशियाची. जो येई तो घरातली तरणी पोरे उचलून आपला गणवेश चढवी. काही होड्यांतून स्वीडनला पळाली, काही रानात लपली. सिनेमावाले पदरचे घालतात, म्हणून सन-तारखा मी सुरजकडून पुस्तकात तपासून घेतल्या.

६. मायक्रोमीटर, म्हणजे टर्नरचे बारीक मोजमापाचे हत्यार. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले. टॅलिनच्या फोरमनने दुभाष्याकरवी मालकांना सांगितले होते की मी आणि माझा भाऊ लढाईत समोरासमोरच्या फौजांत होतो. मालकांनी ते मला सांगितले तेव्हा मी म्हणाले, "एका आईची पोरं अशी कशी लढतील? काहीतरीच." तीन वर्षांनी संप झाला. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

पाचव्या सिनेमात एक आई दोन रंगांचे गणवेश एकाच दोरीवर वाळत घालते. मी तिथेच थांबवले. त्या दिवशी पुढे पाहिले नाही.

संपाच्या त्या तेविसाव्या दिवशी मी कोंडीरामभावजींचा ओला गणवेश दोरीवरून ओढून उंबऱ्याबाहेर टाकला. मी म्हणाले, "गद्दाराचं धुणं ह्या घरात होणार नाही." भावजींनी तो ओलाच अंगात घातला आणि नववा महिना लागलेल्या सुभद्रेला, माझ्या जावेला, घेऊन ते चाकणला गेले. तिच्या बाळंतपणासाठीच ते कामावर जात होते. ते मला ठाऊक होते. सगळे समजतात भाऊ भावाशी भांडला. मालक गेटवर होते, त्यांना मी सांगितले की भावजी आपणहून गेले. छत्तीस वर्षे भावजींवर घर सोडल्याचा आळ आहे. तो दोष माझा आहे.

दोघांनी पहिल्या पगारात मिळून घेतलेला मायक्रोमीटर आमच्याकडे राहिला. त्याची लाकडी पेटी भावजींच्या सामानात गेली. दर खंडेनवमीला मालक हत्यारांच्या पूजेत तो फ्लॅनेलवर ठेवत आणि पेटीची जागा मोकळी सोडत. तो कोंडीराम शेवकरी यांना द्यावा.

७. तेराव्याला जेवणानंतर एक सिनेमा लावावा. रडका नको. होडीवाला लावावा, त्यात सगळे पोचतात.

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. उद्धवराव मालकांच्या युनियनमधले. सहावे कलम ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वहिनी, मेल्यावर दिलं तर कोंड्याला घे कोण म्हणणार?" मग सही केली. कलम तसेच ठेवले आहे.

हे सर्व मी समजून, स्वखुशीने लिहिले. साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: कुशाबाई गेनबा शेवकरी
साक्षीदार: १. उद्धवराव टेमगिरे, निवृत्त फिटर २. भिमाजी कड, पिठाची गिरणी
ठिकाण: चिंचवड. तारीख: ३० सप्टेंबर २०२५

मागाहून: सहावे कलम रद्द समजावे. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मी भोसरीहून चाकणची बस धरली, भावजींच्या घरी जाऊन जे केले ते सर्वांसमोर सांगितले, मायक्रोमीटर त्यांच्या पेटीत ठेवला, पूजेला बसले, आणि संध्याकाळी त्यांचा शर्ट नीट वाळल्यावरच दोरीवरून काढला.