पहिली गाडी आमची

७ डिसेंबर १९५५
आज धान अर्जुनीच्या नव्या गिरणीत गेलं. सकाळी बंडी जुंपली, दुपारी तांदूळ घरात! ढेकीवर कांडायला एवढ्याला चार दिवस गेले असते — कांडणारी मंदाबाई पायानं दांडा दाबणार, मी उखळात हात घालून धान सारखं करणार. सासूबाईंनी मूठभर तांदूळ पाहिले, तुटके दाणे बोटानं बाजूला केले. "कनी लय पडली." एवढंच.
मला सातवा महिना. मागचं मूल ढेकीपाशीच गेलं, पाचव्यात. तरी कांडण चुकलं नव्हतं. आता सासूबाईंना एकाएकी गिरणी कशी सुचली, कळत नाही. विचारलंही नाही.

८ डिसेंबर
दुपारी झोपले. लग्नानंतर पहिल्यांदा.

१४ डिसेंबर
आमच्यामागून आणखी चार घरांचं धान गिरणीत गेलं. आमचं धरून याच पाच घरी मंदाबाई कांडायची. एकटी बाई, नवरा बकाराम जाऊन बारा वर्षं झाली. कांडणाचे तांदूळ आणि कोंडा, त्यावरच तिचं चालायचं.
आज विहिरीवर भेटली. म्हणाली, "दुपारी निजतेस का आता?"
टोमणाच वाटला. मी घागर उचलली, मान वर केली नाही.

२ जानेवारी १९५६
मंदाबाईच्या दाराला कुलूप. गोंदियाला बहिणीकडे गेली म्हणे, बिड्या वळायला. यांना म्हटलं, माझ्यामुळं गेली. हे म्हणाले, "गिरनी का तू बसवली?"
नाही बसवली. पण पहिली गाडी आमची होती. दुपारी डोळा लागत नाही.

१९ फेब्रुवारी
मुलगी झाली. रडते आहे. रडू दे.

११ मार्च
सासूबाई बाळाला तेल लावत होत्या. आपणहून बोलल्या. "ते कांडनारी आली होती दारात. म्हने, पोटुशीले ढेकीवर बसवशील त मी तुह्या घरी कांडत नाई. धान गिरनीत धाड. दुसरी कोनी भेटली नाई, मंग काय करू?"
मी बाळाचे पाय धरून बसले होते.
मंदाबाईला ठाऊक नसेल का, एक गाडी गेली की बाकीच्या जाणार?
यांना सांगितलं — मला गोंदियाला न्या. तिला परत आणायचं आहे, आपल्या घरी.

२२ एप्रिल
छोट्या लाइनीच्या आगगाडीनं गोंदिया. बिडी कारखान्याच्या ओसरीत तीसेक बाया, त्यांत मंदाबाई. बाळाला मांडीवर घेतलं, खूप वेळ पाहिलं. मी म्हटलं, घरी चल.
"कायले येऊ?" ती म्हणाली. "तिकडं मी कांडनारी होती. इथं मुनीम रोज सकाळी हजेरीत पुरं नाव घेते — मंदाबाई बकाराम."
बाळ माझ्याकडे दिलं, आणि बिडीची पानं कापायला लागली.