बाबांचं वय दहा

३ जून
बाबांच्या फोनला आज कुलूप घातलं. परवा कोणीतरी फोन करून त्यांना सांगितलं, आज लाइट कापणार, हे ॲप घ्या. आणि बाबा घ्यायला निघाले! सईने हातातून फोन ओढून घेतला म्हणून वाचलो. लहान मुलांच्या फोनवर टाकतात ते नियंत्रण टाकलं. ते काय काय घेतात ते मला दिसणार, नको ते मी माझ्या फोनवरून बंद करणार. शहात्तर वर्षांच्या माणसाला ते लागू होत नाही म्हणे. मग नवं खातं काढलं, जन्मसाल बदललं. वय दहा. हसले मी, चांगली खो खो हसले.
सई: "मम्मी, माझ्या फोनला लावलंस तेव्हा मला निदान सांगितलंस तरी." चौदा वर्षांची कार्टी मला शिकवते. म्हटलं, गप गं, आजोबांना नाही कळायचं ते.

४ जून
मालाडला ऑफिसात मीटिंग. आमच्या ॲपमध्ये 'हो'चं बटण हे एवढं, आणि 'नको' कोपऱ्यात, राखाडी, भिंग लावून शोधा. तावातावाने बोलले मी. ज्याचा फोन त्याचा निर्णय. न विचारता माणसाच्या वस्तूत हात घालायचा आणि वर म्हणायचं, तुमच्याच भल्यासाठी! सगळ्यांनी लिहून घेतलं. छान वाटलं.

१० जून
बाबांनी बुद्धिबळाचा खेळ घेतला होता. त्यात अनोळखी लोक गप्पा मारतात, म्हणून दु. चहा पिता पिता ऑ.तूनच उडवला. सं. घरी आले तर बाबा फोन उलटसुलट करत बसलेले. "अगं, सकाळी होतं इथे."
"तुम्हीच काढलं असेल चुकून," मी म्हटलं. किती सहज.

१५ जून
त्यांनी एक वही केलीये. उशीपाशी होती, वाचली. (हेही न विचारता.)
"स. १०.१०, बुद्धिबळ परत घेतलं. ११.३०, आहे. ४ वा. नाही. मी काढलेलं आठवत नाही."
खाली एक ओळ. "सुमनचं असंच सुरू झालं होतं."
सुमन म्हणजे माझी आई. शेवटची तीन वर्षं तिने आम्हाला कोणालाच ओळखलं नाही. बाबा तिला हाताने भरवायचे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ जून
सगळी बंदी उठवली. न सांगता. वाटलं, चला, निस्तरलं.
सं. बाबांचा चेहरा पांढराफटक. "बुद्धिबळ परत आलंय गं. मी नाही घेतलं. देवाशप्पथ नाही घेतलं."
वाट लावली मी माणसाची. सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर चहा टाकू का.

१९ जून
बाबांनी स्वतःच मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीये. सोमवार. "तुला सुट्टी मिळत नसेल तर मी जाईन रिक्षाने." सई माझ्याकडे नुसती बघत राहिली. ते जास्त लागलं.
आज ऑ.त ते 'नको'चं बटण मोठं झालं. माझ्यामुळे. अभिनंदन काय, केक काय! स्वतःची किळस आली. घरी जाऊन सांगायचंच असं ठरवलं होतं, पण बाबा टीव्ही बघत होते, मग जेवण झालं, मग...

२३ जून
दवाखाना. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले. बाबांनी पाचही सांगितले. घड्याळ काढायला लावलं, झकास काढलं. तरी बाबांनी वही पुढे केली. "मग हे काय, डॉक्टर?"
डॉक्टर माझ्याकडे वळले. "घरी तुमच्या काही लक्षात आलंय?"
तिथे सांगितलं. सगळं. परक्या माणसासमोर, कारण बाबांसमोर एकटीने बसून सांगायची हिंमत नव्हती. नाक पुसायला डॉक्टरांनीच टिश्यू दिला.
बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "वय किती टाकलंस?"
"दहा."
"बरं."


२८ जून
रागावले असते तर बरं झालं असतं. नीट बोलतात, सईचं गणित घेतात, बुद्धिबळ खेळतात. दोनदा माफी मागितली. "असू दे गं, काळजीपोटीच केलंस." काळजी खरी होती, ते ॲपवाले चोरही खरे होते. पण मग मला सांगता का आलं नाही?
आज मी त्यांच्या बी.पी.च्या गोळ्या डबीत भरत होते. ते शेजारी येऊन उभे राहिले. "या पांढऱ्या होत्या ना?"
केमिस्टकडे नेहमीच्या नव्हत्या, दुसऱ्या कंपनीच्या दिल्यात, औषध तेच. तसंच सांगितलं. अगदी खरं तेच.
"हो का," म्हणाले. मग चष्मा घेतला, गोळ्यांची स्ट्रिप खिशात टाकली, चपला घातल्या. "खाली विचारून येतो. वाईट वाटून घेऊ नकोस."
गॅलरीतून दिसत होते. केमिस्टने स्ट्रिप बघितली, मान डोलावली, परत दिली.
बाबांनी त्याला पुन्हा विचारलं.