चौदावी पायरी

बाझल, २ फेब्रुवारी, सोमवार
आमच्या कॉफीयंत्राला आज देशोधडीला लावण्यात आलं. त्याचा कोपरा आणि प्लग, दोन्ही नव्या रोबॉटला. आता कॉफीला वरचा मजला. येऊन-जाऊन अडतीस पायऱ्या. संस्कृतीचा ऱ्हास असाच सुरू होतो.

असो. रोबॉट हा माझाच हट्ट. आमच्या तंत्रज्ञ बाई, फ्राउ चुदिन, सत्तावीस तारखेला निवृत्त होतात. आमची प्रथिनांची औषधं टिकतात की बिघडतात, हे अकरा वर्षं त्यांच्याच हाताने तपासलं जातंय. द्रव मधासारखा दाट. मानवी हात म्हटला की हस्तदोष आला, यंत्र प्रमादरहित. संकल्प: पंधरा तारखेपर्यंत सर्व स्वयंचलित.

५ फेब्रुवारी
रोबॉटवाल्यांची इंजिनियर आली. सेरायना. पहिल्याच वाक्यात मला ‘तू’! फ्राउ चुदिन आणि मी अकरा वर्षं ‘तुम्ही’वर टिकून आहोत. म्हणाली, बाईंच्या शेजारी दोन दिवस बसून काम बघते. म्हटलं, गरज नाही. कार्यपद्धती लिहिलेली आहे. एकतीस पायऱ्या. लेखक: मी.

१० फेब्रुवारी, सकाळी ८.४०
पहिली चाचणी. नळ्यांत बिअरसारखा फेस. यंत्र नवं आहे, बुजलं असेल.

१२ फेब्रुवारी
फेस. आकडे बाईंच्या आकड्यांपेक्षा अठरा टक्के कमी. दोष कोरड्या हवेचा. हवा दमट करणारं यंत्र मागवलं.

१६ फेब्रुवारी
हवा दमट. फेस तसाच. सेरायना म्हणते, तू लिहिलंस तेच तो करतोय, तसूभर इकडेतिकडे नाही. म्हटलं, मग थोडी अक्कल वापरून करायला सांग. हसली. उद्धट पिढी.
(पंधरा तारीख अंदाजेच धरली होती.)

२४ फेब्रुवारी, मंगळवार
फासनाख्त, इथला कार्निव्हल. अख्खं गाव मुखवटे घालून बासऱ्या फुंकतंय. फ्राउ चुदिनही त्यातच. प्रयोगशाळेत मी आणि रोबॉट. एकांतात दोष सापडेल, हा कयास. नऊ फेऱ्या. नऊदा फेस. औषधांची तिमाही तपासणी परवा. ती चुकवता येत नाही.

२६ फेब्रुवारी
शेवटी फ्राउ चुदिनना बसवलं. कागद हातात घेऊन मी शेजारी उभा. प्रथमच.
चौदावी पायरी: ‘पिपेटने जोरात तीनदा वर-खाली करून ढवळावे.’ बाईंनी ढवळलंच नाही. नळी कलती केली, चार मिनिटं थांबल्या, मग अलगद ओढून घेतलं. फेस नाही. आकडे चोख.
विचारलं, हे काय? म्हणाल्या, यंत्र तुमचं ऐकतं, डॉक्टर. मी ऐकलं असतं तर अकरा वर्षांपूर्वीच फेस आला असता! पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं की तुम्हाला. मीटिंगला निघाला होतात. म्हणालात, करा काय ते, मला कागद तेवढे नीट द्या. दिले मी, नीट कागद.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ
निरोप झाला. पांढरी वाइन, चीजचा केक. ग्लास भिडवून त्या म्हणाल्या, आता मला फ्रेनी म्हण. म्हटलं.

रोबॉटची काळजी नाही. चौदावी पायरी बदलली की तो चालेल. पण बदलली की विचारतील, आजवर काय चाललं होतं? अकरा वर्षांच्या प्रत्येक अहवालावर ‘लेखी पद्धतीनुसार, माझ्या देखरेखीखाली’ असं छापलेलं आहे, आणि खाली माझी सही. त्या आकड्यांच्या भरवशावर औषधाच्या चाचणीतले रुग्ण ही इंजेक्शनं टोचून घेताहेत. औषध चांगलंच असेल. बाईंचा हात चांगला होता. पण ते मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. मी कधी बघितलंच नव्हतं.

सोमवारी आठ वाजता गुणवत्ता विभागात जाऊन हे सांगायचं आहे. मला भीती वाटते.