हॉल कुणाचा

३ मे
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद आणि गालाला एक चिमटा. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. तुझ्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या चर्चच्या हॉलमध्ये सध्या एक कुटुंब राहतंय. लढाईतून जीव घेऊन पळालेली माणसं आहेत: एक न्हावी, त्याची बायको, पोरं आणि म्हातारी आई. यांना आसरा द्यायचा का, असं पाळकसाहेबांनी उपासनेत विचारलं आणि सगळी मंडळी एका सुरात हो म्हणाली. तुझं लग्न कुणालाच आठवलं नाही. मी तर सगळ्यांत मोठ्यांदा हो म्हणाले.

बाबांच्या अंगात वारं शिरलंय. पाहुण्यांना परकं वाटू नये म्हणून रोज भल्या सकाळी ते गायकवृंद घेऊन हॉलच्या दारात जातात आणि तीन स्वागतगीतं म्हणतात. आतली माणसं कोटाची बटणं लावून, रांगेत उभी राहून ऐकतात. असे रसिक जन्मात भेटले नाहीत, असं बाबा गावभर सांगत सुटलेत.

आता मुद्द्याचं. हॉल तुझ्या नावावर राखलेला आहे, म्हणून निर्णय पाळकसाहेबांनी तुझ्यावर सोडलाय. तुला तो हवाच असेल तर यांना शहराबाहेरच्या छावणीत जावं लागेल. तिथे बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे. न्हाव्याच्या आई, आम्ही त्यांना आजीच म्हणतो, तर मुलाचा हात सोडायला तयार नाहीत. मी काही सुचवत नाही.

राग आला तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

९ मे
ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

ड्युटीवर पत्र वाचून मी वॉर्डातच असा थयथयाट केला की रुग्णांनी उठून मला पाणी दिलं. होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं, तर तो हसता हसता खुर्चीवरून पडला. याच्याशी लग्न करावं की नाही, याचाही विचार चालू आहे.

तुझं ते न सुचवणं मी लहानपणापासून ओळखते. आजींचा हात सोडवून मी कुणाचा हात धरायचा? मला नाही जमणार. राहू देत त्यांना. लग्न अंगणात लावू, पाऊस आला तर भिजू.

पण माझी एक अट आहे. बंदुकांतून सुटले आणि बाबांच्या तावडीत सापडले बिचारे. त्यांना गाणी आवडतात का, हे एकदा विचारा तरी.

हॉल दिलास, निदान माया दुसऱ्याला देऊ नकोस.
तुझी धाकटी

१५ मे
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

विचारलं. न्हाव्याला आपली भाषा थोडी येऊ लागली आहे. तो अदबीनं म्हणाला, आम्हाला ही रोजची हजेरी वाटली. जो उभा राहणार नाही त्याला बाहेर काढतील, असं वाटलं. आजी अंगात ताप असतानाही उभ्या राहिल्या होत्या. बाबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी रडून माफी मागितली, हे घर तुमचंच आहे म्हणाले. त्यावर आजींनी मुलाकडून सांगवलं की चाली चांगल्या आहेत, वेळ वाईट आहे, आणि तिसऱ्या गाण्यात बाबा बेसूर होतात. गायकवृंद हे सांगायला आजवर धजला नव्हता. सगळे पोट धरून हसले, शेवटी बाबासुद्धा.

मग न्हाव्यानं विचारलं, हा हॉल एरवी कशाला लागतो? मला खोटं बोलवेना, तुझ्या लग्नाचं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर गाद्या गुंडाळलेल्या, फरशी पुसलेली, पोरं खिडक्यांना लटकून काचा घासतायत. वाटलं, निघालीच ही माणसं.

आजींनी मला हाताला धरून बसवलं. मुलाला मध्ये घेऊन म्हणाल्या, आम्ही कुठेही जात नाही. हे आमचं घर आहे असं तुम्हीच म्हणालात ना? मग पोरीचं लग्न आमच्या घरी करा. दारात पाहुण्यांचं स्वागत मी करणार. नवरदेवाची दाढी त्यांचा मुलगा करणार म्हणे. मी त्याला बजावलंय, दाढी करताना नवरदेवाला हसवायचं नाही.

उत्तर लवकर धाड, मला दम निघत नाही.
तुझी ताई

१९ मे
ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

वॉर्डात पुन्हा पाणी प्यावं लागलं. या वेळी रडले. फार आनंद झालाय गं, अक्षर सांभाळून घे.

पत्रिका छापायला गेल्या नसतील तर स्थळ बदल. 'चर्चचा हॉल' खोड आणि 'आजींचे राहते घर' असं लिही. आणि आजींना माझ्या वतीनं नीट विचार, आमच्याकडची माणसं जरा जास्त आहेत, त्यांच्या घरात जागा होईल ना?

आहे तेवढी सगळी माया तुला,
तुझी धाकटी