गार झाल्यावर सुरू होणारी मोटार

गिरगाव,
२४ जानेवारी १९५६

प्रिय श्यामकांत,

बुधवार, १८ जानेवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तू मला विकलेली मोटार लालबागला वळण घेताना भर रस्त्यात आडवी बंद पडली. पहिल्यांदा नव्हे, पण या वेळी मागे पोलिसांची गाडी होती.

ताईचं तक्रारीचं पुराण सुरू झालं म्हणशील. झालंय. तापली की बंद आणि गार होईस्तोवर ढिम्म, हा रोग तिला माझ्या दारात जडलेला नाही. दसऱ्याला तू प्रभादेवीहून ती घेऊन आलास, तेव्हा हार घालून, नारळ फोडून, पेढे वाटून होईपर्यंत इंजिन बंद केलं नाहीस. चालू गाडीचीच पूजा करायची असते म्हणालास. मी नन्सच्या शाळेतली, आपले रिवाज मला कमी कळतात, हे मावसभावाला नाही तर कुणाला ठाऊक? मी भक्तिभावाने धुरात खोकत उभी राहिले. नंतर तीन मेकॅनिक झाले. त्यांच्याकडे ढकलत नेईपर्यंत ती गार होते आणि शहाण्या मुलीसारखी वागते.

त्या दिवशी माझ्या लेकीला, नलूला, परळच्या इस्पितळातून घरी आणायचं होतं. मुंबईच्या प्रश्नावरून शहरात दंगल, गोळीबार चाललेला. माझा ड्रायव्हर गुणाजी म्हणाला होता, "बाईसाहेब, हिचा काय भरवसा नाय." तो बॉनेट उघडतोय तोच पोलिसांनी, दंगलवाल्यांसाठी रस्ता अडवतोस म्हणून त्याला लाठ्यांनी झोडपलं. डावा हात मोडला. मी इन्स्पेक्टरशी व्याकरणशुद्ध इंग्रजीत भांडले. तासाभराने शिपायाने किल्ली फिरवली आणि मोटार झटक्यात सुरू झाली! "बिघाड कुठाय, मॅडम?" इन्स्पेक्टर हसून म्हणाला.

गुणाजी तेव्हापासून कोठडीत आहे. त्याची बायको मालन करी रोडहून रोज चालत येते आणि माझ्या जिन्यात बसते.

तुझा निरोप पोचला. गाडी परत घेतोस, पैसे देतोस, पण सरकारी नोकरी आहे, भानगडीत नाव नको म्हणतोस. गाडी राहू दे माझ्याकडे. मला तुझ्या सहीच्या दोन ओळी हव्यात: "हा दोष विकण्याआधीपासून होता, आणि तो मला, श्यामकांतला, ठाऊक होता." माझा शब्द मालकिणीचा म्हणून कुणी धरत नाही, तुझा धरतील. शनिवारी गुणाजीला कोर्टात उभं करणार आहेत. त्या ओळी शुक्रवारी, २७ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडल्या पाहिजेत. निरोप नको, लेखी. नाही आल्या, तर तुझं नाव हुद्द्यासकट कोर्टात मी घेईन.

शुक्रवारी पाचपर्यंत तुझीच,
उर्मिलाताई