जुन्या मापाचा कोट

अप्पा, सुभाष रोडवरच्या आपल्या दुकानातला तो वकिलाचा काळा कोट आज पुन्हा आठवला. तुम्ही हुबळीला गेला होता आणि मी, पंचविशीचा घोडा, वहीतलं गेल्या वर्षीचं माप बघून कापड कापून मोकळा झालो. कोट पोटावर बसेना. वकील भडकले, तेव्हा तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "माझीच चूक झाली, साहेब." मी मागे काजं करत बसलो होतो. ते गेल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "वही बदलत नाही रे, अंग बदलतंय. गिऱ्हाईक आलं की माप नव्यानं घ्यायचं."

मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, अप्पा. लहान आहे, संथ आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, नुसती नजर ठेवू. रक्त तपासत राहायचं आणि वर्षानं पुन्हा सुईनं तुकडे काढून बघायचं, रोग तेवढाच आहे की वाढलाय. पहिल्या वेळी कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. सुईपेक्षा लाजच जास्त टोचली. यंदा हुबळीच्या विद्यानगरपर्यंत बसनं गेलो, हॉस्पिटलसमोर चहा प्यालो आणि परत आलो. घरी सांगितलं, मागचाच रिपोर्ट चांगला आहे, यंदा तपासायची गरज नाही म्हणाले. हिनं देवाला नैवेद्य म्हणून गव्हाची हुग्गी, गुळाची खीर, केली. मी निर्लज्जासारखा दोन वाट्या खाल्ल्या.

काल सकाळी हॉस्पिटलातून फोन आला, का आला नाही म्हणून. मी म्हणालो, "मन्याग ब्याड अंतार्री." घरचे नको म्हणतात! ही समोरच गहू निवडत होती. जन्म धारवाडात गेलेल्या बाईसमोर मी कानडीत तिच्यावरच ढकलत होतो. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी कधी हो नको म्हटलं?"

मी चष्मा पुसत बसलो, तेव्हा काजं करत बसलो होतो तसाच. फार लाज वाटली, अप्पा, तुमच्यापुढेसुद्धा.

आज मीच फोन करून सोमवारची वेळ घेतली. ही बरोबर येणार आहे, पण धड बोलत नाही. हे पत्र तुम्ही मागे ठेवून गेलेल्या मापांच्या वहीत ठेवतोय. लाजेपायी गेलो नाही, असं मी तिला सांगितलं आणि तिनं ते ऐकून घेतलं. खरं अजून सांगितलेलं नाही. माप वाढलेलं निघेल, अप्पा, म्हणून मी गेलो नव्हतो.