मोटर लावल्याशिवाय पाणी येत नाही

४ मे

पाण्याच्या नावाने नुसती बोंब! नळ सोडला की आधी हवा फुसफुसते, मग करंगळीएवढी धार. आज तीही गेली, कारण शेजारी गंगुबाईंची मोटर घरघरली. टिटवाळ्याच्या या चाळीत ज्याची मोटर मोठी त्याचं पिंप भरतं. केदार संध्याकाळी मोटर घेऊनच आला. "आई, आता आपल्यालाही लावायला लागेल. संचिताने सातव्या महिन्यात टँकरवरून हंडे आणायचे का?" लेकाला बायकोची काळजी आहे, बरं वाटलं. तशी ही चोरीच. पालिकेची माणसं आली की प्रत्येकाची मोटर पलंगाखाली! पण सगळेच लावतात.

५ मे

पिंप काठोकाठ भरलं! संचिताने टाळ्या वाजवल्या. वेडी पोर.

९ मे

विहीणबाईंचा राजापूरहून फोन. "पहिलं बाळंतपण माहेरी. कधी पाठवताय?" केदार ऐकेचना. "तिथे विहिरीचं पाणी प्यायचं, सोनोग्राफीला दोन तास जायचं. इथे घरात नळ आहे, कल्याणचं हॉस्पिटल जवळ." मीही त्याचीच री ओढली. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या विहिरीने आजवर कुणाचं पोट दुखलं नाही हो!" मी हसण्यावारी नेलं. संचिता भांडी घासत राहिली. तिला जायचं होतं, दिसत होतं मला.

१८ मे

मोटर लावली की सुरुवातीचं पाणी काळपट येतं, वासही मारतं. ते मोरीत सोडून दिलं. नंतरचं स्वच्छ दिसलं. तुरटी फिरवली, फडक्याने गाळलं. सगळी चाळ हेच करते.

१४ जून

संचिताला अन्न बघवत नाही. डोहाळे म्हणावेत तर आठवा लागलाय! वरणभात दिला, तोही ओकली.

१६ जून

डोळे पिवळे! गंगुबाई धावत आल्या — "ठाकुर्लीला कावीळ उतरवणारा आहे, लगेच न्या." केदार त्यांच्या अंगावर खेकसला आणि रिक्षा आणायला पळाला. कल्याणला डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. ही कावीळ घाण पाण्यातून होते म्हणाल्या, एरवी माणूस उठून बसतो, पण गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. "पाणी कुठलं पिता?" नळाचं, म्हटलं. दुसरं काय सांगणार!

देवा, पोरीला सांभाळ रे.

१९ जून

मुलगी झाली. दीड महिना आधीच. काचेच्या पेटीत ठेवलीय, एवढीशी आहे. संचिता शुद्धीवर नाही. कानाशी जाऊन सांगितलं, "मुलगी झाली गं, उठ ना." दोनदा सांगितलं.

२० जून

संचिता गेली.

३० जून

काल दहावं झालं. विहीणबाई दारातच बसल्या. उकळून गार केलेलं पाणी पुढे केलं. त्यांनी तांब्याकडे बघितलं, घेतला नाही. "पाठवली असतीत तर..." एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यासमोर रडायचीही लाज वाटली.

३ जुलै

पालिकेची माणसं येऊन खणून गेली. आमची लाइन गटारातूनच गेलीय, पाइप ठिकठिकाणी सडलाय. मुकादम म्हणाला, "लाइनीत पाणी कमी आणि तुम्ही मोटरी लावून ओढता. मग भोकांतून गटार आत येणारच की!" नवा पाइप कधी? "वरून मंजुरी आली की." आणखी दोन घरांत कावीळ आहे.

५ जुलै

सगळ्यांनी मोटरी काढल्या. गंगुबाईंनी रडत रडत आपली काढली. केदारने आमची माळ्यावर फेकली. चाळीने एकमेकांना वचन दिलं — परत कुणी लावायची नाही.

१२ जुलै

नळाला थेंब नाही. टँकर दिवसाआड येतो, मारामारी होते. आज दोन हंडे मिळाले. नातीचं वजन वाढतंय म्हणे.

१७ जुलै

उद्या बाळ घरी येणार. दर आठवड्याला डॉक्टरांना दाखवायचंय, म्हणून राजापूरला देता येत नाही. दुपटी धुवायची, बाटल्या उकळायच्या, तिला न्हाऊ घालायचं — आणि टँकर दोन दिवस फिरकलेला नाही. सकाळी नळ नुसताच फुसफुसला. केदारने माळ्यावरून मोटर काढली, जोडली, बटण दाबलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी पिंप नळाखाली सरकवलं.